जुने कैरो पायी पाहताना: बाब अल-फुतुहपासून फुस्तातपर्यंत

कैरोला जाणारे बहुतेक जण पिरॅमिड उरकतात, संग्रहालय उरकतात आणि उरलेल्या संध्याकाळी खान अल-खलिलीच्या बाजारात उतरतात. खान म्हणजे जुन्या शहराचा मध्य. तिथे उतरले की उत्तरेच्या वेशी एकीकडे राहतात, दक्षिणेची दुसरीकडे, आणि विक्रेत्यांच्या गराड्यात आपण नेमके कुठे उभे आहोत हेच कळत नाही. हे शहर उत्तरेच्या वेशीतून आत शिरून दक्षिणेकडे चालत पाहावे. खाली दिलेला मार्ग दोन दिवसांचा आहे. तिसरा अर्धा दिवस हाताशी असेल तर उत्तमच.

शहर कसे सरकले

इतका एक परिच्छेद डोक्यात ठेवला तर पुढचे सगळे सोपे होते. इ.स. ६४१ च्या सुमारास अम्र इब्न अल-आसच्या अरब फौजेने नाईलकाठचा बॅबिलोन नावाचा रोमन किल्ला घेतला आणि त्याच्या शेजारी फुस्तात वसवले. ७५० मध्ये अब्बासी खलिफांची सत्ता आली, त्यांनी त्याच्या ईशान्येला अल-अस्करची वसाहत केली. ८७० च्या सुमारास अहमद इब्न तुलूनने आणखी पुढे अल-कताई उभारले. ९६९ मध्ये फातिमी या शिया खलिफांच्या राजवटीचा सेनापती जौहर याने त्याहूनही उत्तरेला तटबंदी घातली, तेच अल-काहिरा, म्हणजे आपले कैरो. खलिफा अल-मुइझ ९७३ मध्ये पूर्वजांच्या शवपेट्यांसह इथे राहायला आला. सामान्य माणूस मात्र फुस्तातलाच राहत होता. अल-काहिरा हे खलिफाचे राजवाडे, फौज आणि दरबारी यांच्यापुरते बंदिस्त नगर होते. ११६८ मध्ये क्रुसेडर, म्हणजे युरोपातले ख्रिस्ती धर्मयोद्धे, चालून आले, तेव्हा वजीर शावरने शहर शत्रूच्या हाती पडू नये म्हणून फुस्तातला आग लावली. ११७१ मध्ये सलाहुद्दीनने फातिमी सत्ता संपवली आणि मग कुठे काहिराचे दरवाजे सर्वांना उघडले.

थोडक्यात, शहर दर वेळी उत्तरेकडे सरकत गेले. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे चालणारा माणूस वसाहतींच्या हिशेबाने मागे मागे जातो: आधी दहावे शतक, मग नववे, शेवटी सातवे. मधल्या काळातले मामलुक, म्हणजे गुलाम-सैनिकांतून सत्तेवर आलेले सुलतान (१२५० ते १५१७), आणि उस्मानी तुर्क राज्यकर्ते यांनी या जमिनीवर आपापल्या इमारती चढवल्या, त्यामुळे वाटेत दिसणारे बरेचसे बांधकाम त्यांचे. पण जमिनीचा आराखडा जुनाच आहे.

निघण्यापूर्वी

नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला. बहुतेक स्थळे सकाळी नऊला उघडतात आणि चार-पाचच्या सुमारास बंद होतात. रमजानमध्ये ती त्याहून लवकर बंद होतात. शुक्रवार सकाळ टाळाच. दुपारच्या नमाजाच्या आधी आणि नंतर मशिदींत पर्यटकांना घेत नाहीत आणि सगळा बेत कोलमडतो. रविवारी खानमधली बरीच दुकाने बंद असतात, तेव्हा खरेदी करायची असेल तर तोही वार नको.

तिकिटांचे दर वरचेवर वाढतात, म्हणून आकडे देत नाही. पहिल्या दिवसाची चाल ज्या रस्त्याने आहे त्या अल-मुइझ रस्त्यावरच्या वास्तूंसाठी संयुक्त तिकीट असते. पहिल्या खिडकीवर सुटे तिकीट काढण्याआधी त्याची चौकशी करा. अनेक सरकारी खिडक्यांवर आता रोकड घेत नाहीत, कार्डच लागते. उलट रस्त्यावर सगळा व्यवहार रोकड्यात. त्यामुळे चालणारे कार्ड आणि सुट्ट्या नोटांची गड्डी, दोन्ही हवे. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र असेल तर तिकीट बहुधा निम्म्यात मिळते. वापरात असलेल्या मशिदींना (अल-हाकिम, अल-अक्मर, अल-अझहर, इब्न तुलून) तिकीट नाही.

सुट्ट्या नोटा लागतात त्या बक्षिशीसाठी. चपला सांभाळणारा, बंद खोली उघडून दाखवणारा, मिनाराचे कुलूप काढणारा, प्रत्येकाची थोडी अपेक्षा असते आणि ती गैर नाही. मोठी नोट दिली तर सुटे परत येण्याची आशा ठेवू नका. अनोळखी माणूस वाटेत गाठून 'मशीद आज बंद आहे, दुसरीकडे नेतो' म्हणाला तर मान डोलवून सरळ चालत राहा. मशीद उघडी असते, तो नेतो ते दुकानात.

पुरुषांनी लांब पँट, बायकांनी डोक्यावर घ्यायला ओढणी बाळगावी. मोजे जरूर घाला. उघड्या चौकातली फरशी हिवाळ्यात गार आणि उन्हाळ्यात चटका देणारी असते. ड्रोन घरीच ठेवा, विमानतळावर जप्त होतो.

आणखी एक सापळा खास मराठी डोळ्यांसाठी. भावाच्या पाट्यांवर अरबी आकडे असतात आणि त्यांतला पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा दिसतो, तर शून्य म्हणजे नुसता ठिपका. आपल्याला १०० वाटलेली पाटी प्रत्यक्षात १५५ ची असते. सात इंग्रजी व्ही अक्षरासारखा, आठ तोच उलटा, आणि सहा थेट इंग्रजी सातासारखा. आकडे वाचायचे मात्र डावीकडून उजवीकडेच. हॉटेलवर दहा मिनिटे बसून हे पाठ केले की पुढचे चार दिवस फसगत होत नाही.

पहिला दिवस: वेशीतून आत

टॅक्सीवाल्याला 'बाब अल-फुतुह' सांगा, नाही कळले तर 'गामे अल-हाकिम' म्हणा. इजिप्तमध्ये ज चा उच्चार ग होतो. मेट्रोने यायचे तर तिसऱ्या मार्गावरचे बाब अल-शारिया स्थानक, तिथून पूर्वेला पंधरा-वीस मिनिटांची चाल.

आत शिरण्याआधी वेशीबाहेर थांबा. बाब अल-फुतुहचे बुरूज गोल, शेजारच्या बाब अन-नस्रचे चौकोनी. दोन्ही १०८७ चे. आर्मेनियन वंशाचा वजीर बद्र अल-जमाली याने मूळ विटांची तटबंदी काढून दगडी घातली. बाब अन-नस्रच्या बुरुजांवर कोरलेल्या ढाली शोधा. तिथेच नेपोलियनच्या सैनिकांनी कोरून ठेवलेली नावेही दिसतात, कारण १७९८ नंतर या बुरुजांवर फ्रेंचांचा पहारा होता.

आत शिरताच डावीकडे अल-हाकिमची मशीद. ९९० मध्ये सुरू झाली, १०१३ मध्ये पुरी झाली. मधल्या शतकांत तिचा तबेला झाला, कोठार झाले, फ्रेंचांची छावणी झाली, काही काळ संग्रहालयही. १९८० मध्ये ती पुन्हा नमाजासाठी उघडली. त्यामागे दाऊदी बोहरा समाज आणि मुंबईत गादी असलेले त्यांचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुरहानुद्दीन होते. बोहरा फातिमी इमामांना आपले मानतात, म्हणून चौकात सोनेरी किनारीच्या पांढऱ्या टोप्या आणि रंगीत रिदा (बोहरा बायकांचा पोशाख) घातलेली मुंबईची कुटुंबे आजही भेटतात. भेंडी बाजारातला रौदत ताहेरा हा बोहरा धर्मगुरूंचा मकबरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या शैलीचे मूळ इथे सापडेल. या जीर्णोद्धारावर वास्तुतज्ज्ञांनी टीकाही भरपूर केली आहे. लखलखीत पांढरा संगमरवर आणि झुंबरे नवी आहेत, फातिमी काळात असे काही नव्हते. जुने पाहायचे तर रस्त्याकडचे पुढे आलेले प्रवेशद्वार आणि दोन कोपऱ्यांतले मिनार पाहा. मिनारांचा खालचा भाग १०१० मध्ये बाहेरून दगडी चौथऱ्यात झाकला गेला आहे.

पुढे डावीकडे दर्ब अल-अस्फर नावाची गल्ली लागते. तिथला बैत अस-सुहैमी हा १६४८ चा व्यापाऱ्याचा वाडा चुकवू नका. पुण्या-नाशिकचे वाडे पाहिलेल्याला चौकाभोवतीची ही मांडणी ओळखीची वाटेल. उत्तरेकडे तोंड केलेला उघडा सज्जा आहे, वरून येणारा गार वारा चौकात उतरावा यासाठी. खिडक्यांना मशरबिया, म्हणजे लाकडी जाळ्या आहेत. त्यांतल्या एकीपाशी जवळ जाऊन पाहा: खराद्यावर कातलेले शेकडो लहान लाकडी मणी आणि कांड्या एकमेकांत अडकवल्या आहेत. मोठा अखंड फळा कोरड्या हवेत तडकला असता. लहान तुकड्यांना आकसायला आणि फुगायला वाव राहतो.

मग अल-अक्मर, ११२५ ची. आकाराने लहान, पण इथे पंधरा मिनिटे द्यावीत. मशिदीची आतली रचना मक्केच्या दिशेने आणि दर्शनी भिंत मात्र रस्त्याला समांतर, असा मेळ कैरोत पहिल्यांदा इथे घातला गेला. दोन दिशांतला फरक भरून काढायला भिंत एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड होत जाते. त्या जाडीत जिना आणि खोल्या बसवल्या आहेत. पुढे मामलुकांनी ही युक्ती रस्ताभर वापरली, म्हणून ती आधी इथे समजून घ्यावी. प्रवेशद्वारावरच्या शिंपल्यासारख्या कमानीच्या मधोमध जाळीदार चकती आहे. तिच्या केंद्रात 'मुहम्मद' आणि 'अली' ही नावे गुंफली आहेत, म्हणजे शिया राजवटीची ही उघड खूण. भिंतीची डावी बाजू जुनी, उजवी अलीकडे तिच्याबरहुकूम पुन्हा बांधलेली. हे दर्शनी अंग पश्चिमेकडे बघते, सकाळी सावलीत असते. छायाचित्र हवे असेल तर दुपारी परत या.

थोडे पुढे रस्ता दुभंगतो, त्या बेचक्यात १७४४ चा अब्द अल-रहमान कतखुदाचा सबील-कुत्ताब उभा आहे. खाली पाणपोई, वर मुलांची कुराणशाळा. जमिनीखालच्या टाकीत नाईलचे पाणी पखालींनी आणून भरायचे आणि जाळीच्या खिडकीतून वाटसरूंना द्यायचे. शहरात असे सबील डझनांनी आहेत, एक नीट पाहिला की बाकीचे ओळखू येतात.

कलावूनपाशी वेळ काढा

इथून पुढचा पट्टा म्हणजे बैन अल-कस्रैन. दोन फातिमी राजवाड्यांमधली ही मोकळी जागा होती. राजवाडे गेले, त्यांच्या जमिनीवर मामलुकांनी ओळीने मदरसे आणि मकबरे बांधले. सगळे पाहायचा हट्ट धरला तर दुपारपर्यंत डोळे थकतात आणि काहीच लक्षात राहत नाही. एकच निवडा: सुलतान कलावूनचा १२८४-८५ चा संकुल. मदरसा, मकबरा आणि मारिस्तान म्हणजे दवाखाना, हे सगळे साधारण वर्षभरात उभे राहिले. इतकी घाई कशी जमली? तयार राजवाड्याची जागा, जुन्या इमारतींचे खांब आणि वेठीला धरलेली माणसे. दवाखाना गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष सर्वांसाठी मोफत होता आणि वक्फाच्या उत्पन्नावर कित्येक शतके चालला. आज मागे त्याचे थोडेच अवशेष आहेत, पण त्याच आवारात डोळ्यांचे रुग्णालय आहे.

मकबऱ्यात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावू द्या. चार जाडजूड चौकोनी खांब आणि चार लालसर ग्रॅनाइटचे गोल खांब मिळून अष्टकोन करतात. गोल खांब जुन्या इमारतींतून उचलून आणलेले आहेत. भिंतींवर संगमरवर आणि शिंपल्याचे जडावकाम आहे. रंगीत काचांतून येणारा उजेड सकाळी उत्तम असतो. संकुलाचे दर्शनी अंग पूर्वेकडे असल्याने बाहेरूनही सकाळीच पाहावे.

शेजारच्या अन-नासिर मुहम्मदच्या मदरशाचा दरवाजा बघून चमकायला होते, कारण तो युरोपातल्या चर्चचा वाटतो. आहेच चर्चचा. १२९१ मध्ये मामलुकांनी क्रुसेडरांकडून अक्का हे बंदर घेतले, तेव्हा तिथल्या चर्चचा गॉथिक दरवाजा उचलून इथे बसवला.

जेवण आणि बाजार

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. कोशरी सगळीकडे मिळते: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा. सोबत लसूण-व्हिनेगरचे पाणी आणि शत्ता नावाची लाल तिखट चटणी. शत्ता आधी थेंबभर घ्या. ताअमिया हे तिथले फलाफल, बाकळ्याचे म्हणून आतून हिरवे. फूल म्हणजे शिजवलेले बाकळे, सकाळच्या न्याहारीला. फसवणारा पदार्थ मुलुखिया: दिसायला पालेभाजी, पण बहुधा कोंबडीच्या किंवा मांसाच्या पाण्यात शिजवतात. 'सियामी' हा शब्द लक्षात ठेवा. कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या मूळच्या ख्रिश्चनांच्या उपवासाचे जेवण, त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसते. त्यात मासे मात्र चालतात, तेवढे विचारून घ्या.

खान अल-खलिलीची सुरुवात १३८० च्या दशकात जहारकस अल-खलिली या अमिराने बांधलेल्या व्यापारी सराईने झाली, तेही फातिमी खलिफांच्या दफनभूमीच्या जागेवर. आज मुख्य गल्लीत बराचसा माल पर्यटकांसाठी केलेला आहे. पपायरस घ्यायचा तर पट्टी हलकेच वाकवून पाहा. केळीच्या पानाचा नकली तुकडा मोडतो, खरा वाकून परत सरळ होतो. शेजारची अल-हुसेन मशीद बाहेरूनच पाहा, बिगर मुस्लिमांना तिथे सहसा आत घेत नाहीत. आतल्या मकबऱ्याची जाळी १९६० च्या दशकात बोहरा समाजाने भेट दिलेली आहे.

अल-अझहर रस्ता वरून ओलांडण्याचे धाडस नको, पादचारी भुयार आहे. पलीकडे ९७० मध्ये बांधायला घेतलेली अल-अझहर मशीद आणि अल-घुरीचा १५०५ च्या सुमाराचा संकुल. अल-घुरीच्या वकाल्यात, म्हणजे व्यापाऱ्यांच्या सराईत, ठराविक संध्याकाळी तनुराचा, म्हणजे गिरक्या घेत केलेल्या नाचाचा कार्यक्रम असतो. वार आधी विचारून घ्या आणि लवकर जा, जागा भरते.

दिवसाचा शेवट बाब झुवैलावर, १०९२ ची दक्षिण वेस. वेशीवरचे दोन मिनार शेजारच्या अल-मुअय्यद मशिदीचे आहेत, पंधराव्या शतकात बुरुजांचाच पाया करून चढवलेले. १५१७ मध्ये शेवटचा मामलुक सुलतान तुमान बे याला उस्मानींनी इथेच फासावर लटकवले. मिनार चढता येतो. जिना अंधारा, अरुंद, वरचा भाग तर खांद्यांना घासणारा. मोबाईलची बॅटरी हवी आणि पाठीवरची पिशवी खाली ठेवलेली बरी. चार वाजण्याआधी पोहोचलात तरच वर सोडतील.

दुसरा दिवस: वेशीबाहेर

बाब झुवैलापासून पुन्हा सुरुवात करा. समोरच खयामिया, तंबू शिवणाऱ्यांचा १६५० च्या सुमाराचा छप्पर असलेला बाजार. इथले कारागीर जाड कॅनव्हासवर रंगीत सुती कापडाचे तुकडे हातशिलाईने जोडतात. छापील नक्कल शेजारीच टांगलेली असते आणि लांबून सारखी दिसते. कापड उलटे करा. खऱ्या कामात मागे कॅनव्हासवर बारीक टाके दिसतात आणि पुढून बोट फिरवले की दुमडलेल्या कडा लागतात. छापील कापड सपाट लागते.

दक्षिणेला एक-सव्वा किलोमीटरवर सुलतान हसनचा मदरसा, १३५६ ते १३६३. प्रवेशद्वार सुमारे ३८ मीटर उंच आहे. बांधकाम चालू असतानाच एक मिनार कोसळून सुमारे ३०० माणसे दगावली. समोरची अर-रिफाई मशीद दिसायला तेवढीच जुनी, पण पुरी झाली १९१२ मध्ये. राजा फारूक आणि इराणचे शेवटचे शहा तिथे दफन आहेत. वेळ कमी असेल तर हिच्यात दहा मिनिटे पुरे.

डोक्यावर दिसणारा बालेकिल्ला सलाहुद्दीनने ११७६ मध्ये बांधायला घेतला. चौकातून तो हाताच्या अंतरावर वाटतो आणि इथेच लोक फसतात, कारण पर्यटकांचे प्रवेशद्वार मागच्या बाजूला सलाह सालेम रस्त्याकडे आहे. उन्हात वळसा घालण्यापेक्षा टॅक्सी करा. वर मुहम्मद अलीची एकोणिसाव्या शतकातली मशीद आहे, तिच्या चौकात फ्रान्सच्या राजाने पॅरिसला गेलेल्या ओबेलिस्कच्या, म्हणजे प्राचीन दगडी स्तंभाच्या बदल्यात पाठवलेले, वर्षानुवर्षे बंदच राहिलेले घड्याळ. दृश्य छान, पण दोघांतून एकच जमणार असेल तर बालेकिल्ला सोडा आणि इब्न तुलून पाहा.

८७९ ची ही मशीद म्हणजे अल-कताई शहराचा उरलेला एकमेव तुकडा. ९०५ मध्ये अब्बासींनी बाकी सगळे पाडले. विटांचे बांधकाम, त्यावर गिलावा, आणि कमानींच्या कडांवर ओल्या गिलाव्यात कोरलेली नक्षी. प्रत्येक कमानीची नक्षी वेगळी आहे, दोन-चार शेजारी शेजारी ताडून पाहा. मिनाराचा जिना बाहेरून वळसे घेत जातो, इराकमधल्या सामर्राच्या धर्तीवर. वर कठडे बुटके आहेत, लहान मुलांचा हात धरा. भिंतीला लागून असलेले गेयर-अँडरसन संग्रहालय म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातली दोन घरे पुलाने जोडलेली. मशिदीच्या आवारातूनच तिथे जाता येते, पण ते मशिदीआधी बंद होते, म्हणून आधी ते करा.

तिसरा अर्धा दिवस: फुस्तात

इब्न तुलूनपासून पश्चिमेला पंधरा-वीस मिनिटांवर सय्यिदा झैनब मेट्रो स्थानक आहे, पहिल्या मार्गावर. हेलवानकडे जाणारी गाडी पकडली की दुसरे स्थानक मार गिर्गिस. बाहेर पडताच समोर बॅबिलोन किल्ल्याचा रोमन बुरूज. त्याच किल्ल्याच्या दरवाजावर उभारलेले अल-मुअल्लका, म्हणजे लटकते चर्च. गाभाऱ्याच्या उजवीकडच्या भागात काचेच्या फरशीतून खालची पोकळी दिसते. पुढे अबू सरगा चर्च आणि बेन एझ्रा सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनास्थळ. या सिनेगॉगच्या बंद कोठीत मध्ययुगीन कागदांचा प्रचंड साठा सापडला. १८९६-९७ मध्ये त्यातला मोठा भाग केंब्रिजला गेला. त्यात भारताशी व्यापार करणाऱ्या यहुद्यांची पत्रे आहेत, बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेल्या अब्राहम बेन यिजूचीसुद्धा. ही चर्चे पाहायला रविवार सकाळ नको, प्रार्थना चालू असते.

राजांच्या ममी पाहायच्या असतील तर त्याही आता याच भागात आहेत. एप्रिल २०२१ मध्ये २२ राजममी तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयातून फुस्तातच्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात हलवल्या. मार गिर्गिसहून टॅक्सीने काही मिनिटे लागतात. ममींच्या दालनात छायाचित्रे काढू देत नाहीत, मोबाईल खिशातच ठेवा.